विठ्ठल किती अक्षरांचा? लिलिपाँडमधल्या एका अभंगाची दुरुस्ती

आमच्या गायनवृंदाच्या ताईंनी पाठवलेली पीडीएफ उघडली तेव्हा पहिल्या पानावर खटकण्यासारखं काही नव्हतं. चार आवाजांचे चार स्टाफ (स्वर लिहायच्या पाच रेघांच्या पट्ट्या), डावीकडे कंस, वर गाण्याचं नाव. दुसऱ्या पानावर मात्र आल्टोची, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाची ओळ एकदम स्टाफच्या वर निघून जादा रेघांवर चढली होती. तिसऱ्यापासून टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, बाकी तिघांच्या अर्धी मात्रा पुढे पळत होता. शब्दांचं तर विचारूच नका. ‘विठ्ठल’मधलं विठ् पाय मोडून एका लांब स्वराखाली एकटंच उभं होतं आणि पुढे काही स्वर शब्दांविना रिकामे होते. ताईंचा निरोप एवढाच: ‘शनिवारी तालीम आहे. तोवर गाता येईल असं काही होईल का बघ.’

आमचा गायनवृंद लहान आहे, सतरा जणांचा. निम्मे हिंदुस्थानी संगीत शिकलेले, निम्मे चर्चच्या क्वायरमध्ये किंवा पियानोच्या परीक्षा देत वाढलेले. अभंगाचे शब्द वृंदातल्याच एका काकांचे, चाल ताईंची. चार आवाजांची बांधणी मडगावच्या एका निवृत्त व्हायोलिनवादकांनी केली, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो. गोव्यात पॅरिश शाळांमधून स्टाफ नोटेशन पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. मुंबईच्या सिनेसंगीताच्या स्टुडिओंत सुरावटी कागदावर उतरवणारे अरेंजर आणि त्या वाचून वाजवणारे वादक बरेचसे गोव्याचे होते, ते त्याच शिक्षणातून आलेले. सर त्याच घडणीतले. ते पेन्सिलीने लिहितात, अक्षर मोत्यासारखं, पण संगणकाला हात लावत नाहीत. त्यांचं हस्तलिखित काही वर्षांपूर्वी वृंदातल्या एका स्वयंसेवक मुलाने लिलिपाँडमध्ये टाइप केलं. तो आता परदेशी आहे. माझ्या हातात आली ती त्याची फाइल आणि हस्तलिखिताचे मोबाइलवर काढलेले फोटो.

लिलिपाँड ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. यात माउसने स्वर ओढून स्टाफवर ठेवायचे नसतात. साध्या मजकुराच्या फाइलीत स्वरांची नावं आणि लांबी लिहायची, प्रोग्रॅम त्यातून छापील पान तयार करतो. १९९६ साली नेदरलँड्समधल्या हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन संगीतकारांनी हे काम सुरू केलं. धातूच्या पत्र्यावर हाताने कोरलेल्या जुन्या स्वरलिपीची देखणी घडण संगणकावर आणायची, हा त्यांचा ध्यास होता. सॉफ्टवेअर मोफत आहे, फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. आणि सगळं मजकुरातच असल्यामुळे चूकही मजकुरातच कुठेतरी बसलेली असते. ती शोधून काढता येते, यावर माझा पक्का भरवसा आहे.

फाइलीची पहिली ओळ सांगत होती की ती २.१२ या आवृत्तीसाठी लिहिली आहे. माझ्याकडे २.२४. मधल्या काळात लिहिण्याच्या कितीतरी पद्धती बदलल्या, म्हणून लिलिपाँडसोबतच येणाऱ्या कन्व्हर्ट-एलवाय या साधनातून आधी फाइल काढली. ते आवृत्तीची ओळ वाचतं आणि त्यानुसार जुनी वाक्यं नवी करतं. आवृत्तीची ओळ गाळू नका असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठीच. पाच मिनिटांत फाइल चालू लागली आणि तेवढ्याच चुका असलेलं पान समोर आलं. इशारा मात्र एकही नाही. प्रोग्रॅमच्या मते सगळं ठीक होतं.

एवढं बिघडलेलं पान आणि तक्रार शून्य, याचं कारण फाइलीत एकही बारचेक नव्हता. बारचेक म्हणजे एक उभा दंड, आपल्या ओवीच्या शेवटी असतो तसाच. ‘इथे माप (ठरलेल्या मात्रांचा एक कप्पा) पूर्ण झालं पाहिजे’ असं तो प्रोग्रॅमला सांगतो. तो नसला की लिलिपाँड स्वर एकामागून एक मांडत जातं आणि मात्रा कमी पडली की जास्त झाली हे त्याला कळायला मार्ग नसतो. ४८ मापं, चार आवाज. पहिली आठ मापं पुरुषांना विश्रांती आहे, ती वगळूनही पावणेदोनशेच्या वर दंड घालायचे होते. मी हस्तलिखित शेजारी ठेवून एकेक माप मोजत ते घातले. संध्याकाळ गेली, पण त्या संध्याकाळीच खरी दुरुस्ती झाली असं मी म्हणेन.

पुन्हा चालवल्यावर प्रोग्रॅम बोलला: टेनर, माप १९, बारचेक फेल्ड ॲट ७/८. खाली ती ओळ दोन तुकड्यांत छापून आली, जिथे दंड चुकला बरोबर तिथे तोडलेली. ७/८ म्हणजे दंड आला तेव्हा मापाचे आठ क्वेव्हर (अर्ध्या मात्रेचे स्वर) भरायच्या ऐवजी सातच भरले होते. एक क्वेव्हर कुठेतरी गळला होता.

ते माप असं लिहिलेलं होतं: जी, पुढे ४ आणि टिंब, ए, पुढे ८, मग नुसता बी, मग सी, पुढे ४. लिलिपाँडमध्ये ४ म्हणजे एका मात्रेचा क्रॉचेट, ८ म्हणजे क्वेव्हर, आणि स्वरापुढे आकडा नसेल तर मागच्या स्वराची लांबी चालू राहते. बीपुढचा ४ राहून गेला होता, म्हणून त्याने ए कडून ८ उचलला. सरांच्या कागदावर तिथे स्वच्छ क्रॉचेट आहे. तीन, एक, एक, दोन, बेरीज सात. एक आकडा लिहिला आणि १९व्या मापापासून शेवटापर्यंतचा टेनर जागच्या जागी आला. इशारा एकच का आला, पुढच्या प्रत्येक मापाला का नाही? दंड तेवढ्याच अंतराने चुकत राहिले तर लिलिपाँड तीच तक्रार परत परत करत नाही, अंतर बदललं तरच बोलतं. म्हणून इशारा एक आहे याचा अर्थ बिघडलेलं माप एक आहे असा घ्यायचा नाही.

आल्टोचं दुखणं निराळं होतं. फाइल रिलेटिव्ह पद्धतीने लिहिलेली आहे, म्हणजे प्रत्येक स्वर आधीच्या स्वराच्या जवळात जवळ ठेवला जातो. सप्तक बदलायचं असेल तरच खूण करायची: वर जायला अपॉस्ट्रॉफी, खाली यायला स्वल्पविराम. आल्टोची १३ ते १६ ही मापं ५ ते ८ सारखीच आहेत, म्हणून त्या मुलाने ती नकलून चिकटवली होती. ५वं माप एफवर सुरू होतं आणि त्याआधीचा स्वर ए आहे, तेव्हा जवळचा एफ खालचाच. १२वं माप मात्र वरच्या सीवर संपतं. आमचा सा पांढरी चार, म्हणजे एफ. मग सी झाला पंचम. पंचमावरून खालच्या सा ला यायचं तर उतरती पाच घरं, तार सा ला जायचं तर चढती चारच. प्रोग्रॅमला जवळचा हवा, त्याने तार सा घेतला, आणि त्यानंतरचा प्रत्येक स्वर एक सप्तक वर बसला. एक स्वल्पविराम टाकल्यावर सगळं खाली आलं. त्याच वेळी प्रत्येक कडव्याच्या पहिल्या स्वराला बरोबरच्या चिन्हाची सप्तक-तपासणी जोडून ठेवली. पुन्हा कुणी तुकडा उचलून दुसरीकडे चिकटवला आणि सप्तक सरकलं, तर आता इशारा येईल आणि घसरण तिथेच थांबेल.

मग फाइलीतून मिडी, म्हणजे संगणकाला वाजवून दाखवता येते ती फाइल, काढून ऐकलं. ऐकल्याशिवाय छापायला पाठवू नये असं माझं ठाम मत आहे, कारण डोळ्याला सवयीने जे बरोबर वाटतं ते कान सोडत नाही. इथे तर तिसऱ्या मापालाच चाल परकी झाली. ताईंची चाल बिलावल थाटातली, सगळे स्वर शुद्ध, साधी आणि मोकळी. मिडीत मध्यम चढा लागत होता आणि अख्खा अभंग कल्याणाकडे कलला होता. आणि मला गेल्या महिन्यातलं एक कोडं उलगडलं: तालमीत नव्या आलेल्या दोन सोप्रानो (वरच्या आवाजाच्या गायिका) सारखा तीव्र मध्यम लावायच्या, ताई त्यांना थांबवायच्या, आणि त्या बिचाऱ्या म्हणायच्या की कागदावर तसंच आहे. कागदावर खरंच तसं होतं. बाकीचे ताईंच्या तोंडून शिकलेले, म्हणून ते बरोबर गात होते.

सा एफ धरला की शुद्ध मध्यम येतो बी फ्लॅटवर, म्हणजे बीच्या अर्धा स्वर खाली. हाताने लिहिताना सुरुवातीला की-सिग्नेचरमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या खुणांत, एक फ्लॅट काढला की पुढे नुसता बी लिहून चालतं, वाचणारा तो फ्लॅटच घेतो. लिलिपाँडमध्ये तसं नाही. तिथे जो स्वर गायचा त्याचं पूर्ण नाव लिहावं लागतं. नुसतं बी लिहिलं की तो बी नॅचरल, म्हणजे न उतरवलेला बी, आणि प्रोग्रॅम इमानदारीने त्याच्यापुढे नॅचरलची खूण छापतो. बी फ्लॅटला तिथे मुळातल्या डच पद्धतीने ‘बेस’ म्हणतात. त्या मुलाने कागदावर जसं दिसलं तसं उतरवलं होतं. प्रोग्रॅमच्या नजरेत चूक नाही, कारण बी नॅचरलही स्वरच आहे. फाइलभर सरसकट शोधा-बदला करता येत नाही, कारण तेच अक्षर बारलाइनच्या आज्ञेतही आहे आणि इतरही ठिकाणी आहे. मी फक्त स्वरांच्या ओळी घेऊन एकेक बदलत गेले. सदतीस जागा होत्या. सदतीसही बदलल्या.

आता शब्द. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

लिलिपाँडमध्ये शब्द स्वरांपासून वेगळे लिहायचे, अक्षरा-अक्षरात दोन आडव्या रेघा देऊन, आणि त्या रेघांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून. प्रोग्रॅम पहिला तुकडा पहिल्या स्वराला देतो, दुसरा दुसऱ्याला, असं पुढे. काकांच्या पहिल्या कडव्याचा एक चरण आहे ‘विठ्ठल चरण’. फाइलीत तो होता विठ्, ठल, च, रण. तुकडे चार, आणि चालीत स्वर सहा. दोन स्वर उपाशी राहू नयेत म्हणून तिथे खालच्या आडव्या रेघा भरल्या होत्या, स्वर रिकामा सोडण्यासाठी वापरतात त्या. पुढच्या चरणातही तेच, आणि त्याच्याही पुढच्या. काही ओळींत शब्दांपेक्षा रेघाच जास्त होत्या.

हे असं का झालं, ते सरांच्या हस्तलिखितात दिसलं. सरांनी शब्द रोमन लिपीत लिहिले होते, गोव्यातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत कोकणी रोमीत लिहितात त्याच सवयीने. आणि जोडव्यंजन आलं की इंग्रजी हिम्नच्या पुस्तकांतल्या रिवाजाप्रमाणे हायफन दोन व्यंजनांच्या मधोमध दिला होता. रोमनमध्ये ते शोभतं. त्या मुलाने तीच तोड देवनागरीत आणली आणि बाकीचे शब्द आपण बोलतो तसे तोडले. बोलताना आपण ‘चरण’ शब्दातला शेवटचा अ गिळतो, तेव्हा कानाला दोनच तुकडे ऐकू येतात.

पण गाताना आपण तो अ गिळत नाही. अभंगात तर नाहीच. काकांनी शब्द मोठ्या अभंगाच्या छंदात लिहिले आहेत: सहा, सहा, सहा, चार, एका कडव्याला बावीस अक्षरं. हा हिशोब उच्चारातल्या तुकड्यांचा नाही, लिहिलेल्या अक्षरांचा आहे. वि, ठ्ठ, ल, च, र, ण. सहा. चालीतले स्वरही सहा. ताईंनी चाल बांधताना छंद मोजूनच बांधली होती. रिकामे स्वर नव्हतेच कधी, तोडायची रीत चुकली होती.

मी सगळे शब्द पुन्हा तोडले. जोडाक्षर अखंड ठेवायचं आणि पुढच्या स्वराला द्यायचं: ‘कृष्ण’ म्हणजे कृ आणि ष्ण. अनुस्वार आधीच्या अक्षरावरच राहतो, ‘पंढरी’चे तीन तुकडे पं, ढ, री. पाय मोडलेलं अक्षर स्वराखाली येऊ द्यायचं नाही. यामागे नुसती शुद्धलेखनाची हौस नाही. लांब स्वराखाली विठ् दिसलं की गाणारा तोंड ठ् वर बंद करतो आणि आवाज तिथेच मरतो. वि दिसलं की तो इकारावर उभा राहतो आणि ठ्ठ पुढच्या स्वराबरोबर सुटतो. वृत्तात जोडाक्षरामागचं अक्षर गुरू का धरतात ते हा एक शब्द गाऊन पाहिला की जिभेला कळतं.

तोडल्यावर प्रत्येक चरणाचे तुकडे मोजले. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या कडव्यात एका चरणाला सहा काही येईनात, पुन्हा पुन्हा मोजलं आणि सातच. काकांना फोन केला. टाइप करताना एक ‘ही’ जास्तीचा पडला होता. छंदाने तो पकडला, लिलिपाँडला तो कधीच दिसला नसता.

तरीही शब्द नीट बसेनात, कारण आणखी एक गाठ होती. सरांनी श्वास कुठवर धरायचा हे दाखवायला स्वरांवर लांब कमानी काढल्या आहेत. त्या साध्या कंसात, म्हणजे स्लर म्हणून टाइप झाल्या होत्या. स्लर दिसला की लिलिपाँड समजतं की हे एकच अक्षर ओढायचं आहे आणि कमानीखालच्या पुढच्या स्वरांना शब्द देत नाही. ते टाळण्यासाठी त्या मुलाने ‘इग्नोअर-मेलिस्माटा’ हा गुण चालू केला होता. म्हणजे ओढणं कुठेच मानू नकोस. मग जिथे ‘ल’ खरोखरच तीन स्वरांवर झुलतो तिथेही पुढचे शब्द घुसले, आणि ते हटवायला पुन्हा रेघा. मी तो गुण काढून टाकला. श्वासाच्या कमानी फ्रेझिंग स्लर केल्या, त्यांच्यासाठी कंसाआधी उलटी तिरकी रेघ द्यायची आणि शब्दांवर त्यांचा परिणाम होत नाही. साधे कंस फक्त खऱ्या ओढीला ठेवले. सगळ्या भरतीच्या रेघा पुसल्या आणि शब्द आपोआप स्वरांखाली जाऊन बसले.

छापील रूपात एक-दोन गोष्टी उरल्या. लिलिपाँडच्या मुळातल्या मजकुराच्या फाँटमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे संगणकावर जो देवनागरी फाँट सापडेल तो उचलला जातो. ताईंच्या संगणकावर एक, माझ्याकडे दुसरा, म्हणून त्यांच्याकडे आठ पानं आणि माझ्याकडे सात. शब्दांसाठी फाँटचं नाव फाइलीतच लिहून टाकलं: तिरो देवनागरी मराठी. त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत, आणि शाळेत गिरवलेला ल डोळ्यासमोर असला की नजर अडखळत नाही. दुसऱ्या कडव्याचे शब्द काकांकडून युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये आले होते. ते बदलून घेताना दोन ठिकाणी पहिली वेलांटी अक्षरापासून सुटली आणि स्वराखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटलं. ते शब्द हाताने पुन्हा टाइप केले.

दोन कडव्यांच्या ओळी एकाखाली एक आल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात. शब्दांच्या दोन ओळींतलं किमान अंतर मुळात २.८ आहे, स्टाफच्या दोन रेघांमधल्या अंतराच्या हिशोबात. रोमनला ते पुरतं. मी ४ केलं तेव्हा रफार आणि उकार एकमेकांपासून सुटले. वाढलेली जागा भरून काढायला स्टाफचा आकार २० वरून १८ केला. पहिल्या आठ मापांतले पुरुषांचे रिकामे स्टाफही लपवले. त्यासाठीची आज्ञा ‘ऑल’ शब्द असलेली घ्यावी लागते, नाहीतर पहिल्या ओळीतले रिकामे स्टाफ तसेच राहतात. सहा पानांत काम बसलं.

शनिवारी प्रती वाटल्या. आल्टो खाली होत्या, टेनर वेळेवर होता, नव्या सोप्रानोंनी मध्यम शुद्ध लावला आणि ताईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. ‘विठ्ठल’वर सतरा जणांचं तोंड एकदम उघडं राहिलं. तो इकार इतका भरून आला की मला क्षणभर पुढची ओळ दिसेना.

३१व्या मापावर सरांनी हात वर केला. ‘टेनर, तो बी काय गायलात?’ त्यांनी कागद दाखवला. बी फ्लॅट. सर माझ्याकडे वळले. ‘बाई, हा मी नॅचरल लिहिला होता. इथे सीवर चढायचं आहे, त्याच्या आधी तो हवाच.’

फोटो मोठा करून पाहिला. सगळ्या हस्तलिखितात एकाच बीपुढे पेन्सिलीने काढलेली बारीक नॅचरलची खूण होती, ३१व्या मापात, टेनरला. सदतीस बदलताना मी स्वरांच्या ओळी पाहिल्या, त्या त्या जागी सरांचा कागद पाहिला नाही. बाकी छत्तीस चुका होत्या, हा एक खरा होता. पंचमाला टेकण्याआधी मध्यम चढतो, आपल्याकडेही चढतो. ताई म्हणाल्या, ‘अगं, तीव्र मध्यमाचा कण लागून पंचम, किती सुंदर आहे हे.’

तिथेच लॅपटॉप उघडून स्वर परत केला आणि शेजारी टक्क्याच्या खुणेनंतर टीप लिहिली: ‘सरांच्या हातचा नॅचरल, बदलू नये.’ तशीच एकेक टीप प्रत्येक कडव्याच्या वर गेली: ६, ६, ६, ४. छापील प्रतींवर सगळ्यांनी पेन्सिलीने खूण केली. टेनरवाल्यांनी ते एक माप तीनदा गायलं. तिसऱ्या वेळी सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि पान उलटलं.